रिझर्व्ह बँकेत आयुष्य काढायचं म्हणजे काय? बडोद्याच्या एका विद्यार्थिनीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याची एक मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला रिझर्व्ह बँकेत जायचं आहे. आत शिरलेला माणूस गव्हर्नरच्या खुर्चीपर्यंत पोचतो का, की ती खुर्ची दिल्लीच्या सनदी अधिकाऱ्यांची आणि परदेशात शिकून आलेल्यांचीच, असं ती विचारते. शिवाय तिथे आयुष्यभर नेमकं करतात काय, हेही तिला कुणी नीट सांगत नाही. घरच्यांचं म्हणणं, त्यापेक्षा सरळ एखाद्या बँकेत पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर हो, नाहीतर यूपीएससी दे.

मी नोकरीची सगळी वर्षं रिझर्व्ह बँकेत काढली. मुंबई, नागपूर, अहमदाबाद असं फिरून निवृत्तीनंतर बडोद्याला, दांडिया बाजारातल्या जुन्या घरी परतलो. तू माझ्या नातीच्या वयाची, म्हणून एकेरीतच लिहितो.

खुर्चीचं आधी सांगून टाकतो. १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली तेव्हापासून जे गव्हर्नर झाले, त्यांत बँकेच्याच केडरमधून वर आलेला माणूस एकच, एम. नरसिंहम. तेही १९७७ च्या मे ते नोव्हेंबर, फक्त सात महिने. बाकी सगळे बाहेरून आले. कुणी आयसीएस-आयएएस, कुणी अर्थतज्ज्ञ. गव्हर्नर नेमण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि सरकार आपल्या माहितीतला, दिल्लीत पारखलेला माणूस शोधतं. तेव्हा खुर्चीच हवी असेल, तर यूपीएससी दे म्हणणारे घरचे चुकीचं सांगत नाहीत.

डेप्युटी गव्हर्नरपद मात्र आतल्यांच्या आवाक्यात आहे. कायद्याने जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर असतात आणि प्रघात असा, की त्यांतले दोन बँकेतूनच वर येतात. के. जे. उदेशी २००३ मध्ये पहिल्या स्त्री डेप्युटी गव्हर्नर झाल्या, त्या आतल्याच. त्यांच्यामागून श्यामला गोपीनाथ आणि उषा थोरात आल्या, त्याही आतल्याच. गव्हर्नरच्या खुर्चीवर अजून एकही स्त्री बसलेली नाही. हे मला खटकतं, आणि तुझ्या पिढीत ते बदलावं असं मनापासून वाटतं.

आता तू न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण खरं उत्तर तिथेच आहे. केंद्रीय बँकेतल्या माणसाचं काम म्हणजे आपलं मत स्पष्ट, लेखी आणि वेळेत देणं. निर्णय घेणारा अनेकदा दुसराच असतो. तो निर्णय आपल्या मताविरुद्ध गेला तरी चोख राबवावा लागतो, आणि बाहेर त्याबद्दल चकार शब्द काढता येत नाही. हे ज्याला जमत नाही त्याने तिथे जाऊ नये. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुझ्याच गावात आहे, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आय. जी. पटेल, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले. जन्म १९२४ चा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकून १९४९ मध्ये परतले ते बडोदा कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. तू ज्या घुमटाखाली लेक्चरला बसतेस, तिथलेच. पुढच्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत गेले आणि १९५४ मध्ये दिल्लीला अर्थ मंत्रालयात आले. पुढे ते मुख्य आर्थिक सल्लागार झाले. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा ते त्याच पदावर होते.

१९६९ च्या जुलैमध्ये आर्थिक व्यवहार विभागाचा कारभार त्यांच्याकडे होता. इंदिरा गांधींनी बोलावून सांगितलं, की राजकीय कारणांसाठी बँकांचं राष्ट्रीयीकरण करायचं ठरलं आहे, कागदपत्रं तयार करा. तुम्हाला हे पटतं का, असं कुणी विचारलं नाही. हातात जेमतेम एक दिवस. पटेलांनी वाद घातला नाही. पण परदेशी बँका आणि लहान देशी बँका वगळाव्यात, हे त्यांनी त्या घाईतही सुचवलं. १९ जुलैला ५० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँका सरकारच्या झाल्या. त्यांत बँक ऑफ बडोदा होती. सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने २० जुलै १९०८ रोजी इथल्या मांडवीत सुरू झालेली बँक, तिच्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी सरकारजमा झाली, आणि त्याचे कागद बडोद्याच्याच माणसाच्या हाताखालून गेले. त्या रात्री त्यांच्या मनात काय आलं असेल, असा विचार मी पुष्कळदा केला आहे.

इथे नीट बघ. निर्णय बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, पण निर्णयाचा आकार ठरवणं काही अंशी होतं. कुठे काही होऊ शकतं आणि कुठे नाही, हे त्या एका दिवसात ओळखणं, यातच अधिकाऱ्याचं सगळं कसब असतं.

१ डिसेंबर १९७७ ला ते गव्हर्नर झाले. दीड महिना उलटतो न उलटतो तोच १६ जानेवारी १९७८ ला सरकारने अध्यादेश काढून हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. पटेलांचं मत विरोधात होतं आणि ते त्यांनी अर्थमंत्री एच. एम. पटेल यांना तोंडावर सांगितलं होतं. काळा पैसा सुटकेसांत नाहीतर उशांच्या खोळींत नोटा कोंबून ठेवलेला असतो ही कल्पना भाबडी आहे, अशा उपायाने फारसं काही हाती लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने ऐकलं नाही. मग त्याच पटेलांच्या बँकेने अध्यादेशाची अंमलबजावणी केली. १७ जानेवारीला बँका बंद ठेवल्या, पुढे नोटा जमा करून घेतल्या, अर्ज तपासले, खुलासे मागवले, सगळं शिस्तीत झालं. गव्हर्नरला निर्णय पटला नव्हता हे लोकांना कळलं ते फार नंतर, त्यांनी स्वतःच लिहिलं तेव्हा.

१९८२ च्या सप्टेंबरमध्ये ते पायउतार झाले आणि त्यांच्या जागी मनमोहन सिंग आले. पटेल पुढे अहमदाबादच्या आयआयएमचे संचालक झाले आणि १९८४ ते १९९० लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे. १९९१ मध्ये नरसिंह रावांनी अर्थमंत्रिपदासाठी आधी त्यांनाच विचारलं होतं. त्यांनी नकार दिला, आणि ते पद गेलं तेही मनमोहन सिंगांकडेच. तोवर पटेल बडोद्यात येऊन स्थिरावले होते. जवळपास सगळी शिखरं पाहिलेला माणूस देशातलं मोठं मंत्रिपद नाकारून आपल्या गावी राहतो, याबद्दल मला फार आदर वाटतो. २००५ मध्ये ते गेले. आपल्या मराठी घरांतून त्यांचं नाव क्वचितच निघतं, हे बरं नाही.

'मग पटत नसलं तरी राबवतच राहायचं का?' असं तू विचारशील. नाही. दुसरी वाटही आहे, आणि तीही आपल्या इतिहासात आहे. बेनेगल रामा राव १९४९ पासून गव्हर्नर होते, साडेसात वर्षं, आजवरची सगळ्यात लांब कारकीर्द. १९५६ च्या अखेरीस अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हुंड्यांवरचं मुद्रांक शुल्क वाढवलं. वरवर ती साधी कराची बाब. पण बँका रिझर्व्ह बँकेकडून याच कागदांवर पैसे उचलत, त्यामुळे ते पैसे महागले. म्हणजे बँक दर रिझर्व्ह बँकेने वाढवला नाही, तरी तो वाढल्यासारखाच झाला. रामा रावांचा आक्षेप असा, की पैशाची किंमत ठरवण्याचं काम कायद्याने आमचं आहे, ते मागच्या दाराने काढून घेतलं जातंय. अर्थमंत्र्यांच्या मते रिझर्व्ह बँक ही मंत्रालयाचाच एक भाग. नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये रामा रावांनी राजीनामा दिला. त्यांच्यामागून के. जी. आंबेगावकर काही आठवड्यांपुरते गव्हर्नर झाले.

पटेल आणि रामा राव, दोघेही बरोबर होते असं माझं मत आहे. नोटा चलनातून काढणं हा सरकारचा अधिकार होता, त्यामुळे पटेलांनी मत दिलं आणि काम केलं. व्याजाचा दर हा बँकेचा अधिकार होता. तो जात असताना रामा राव गप्प राहिले असते, तर पुढच्या प्रत्येक गव्हर्नरला ते जड गेलं असतं. आपलं मत डावललं जाणं वेगळं, आणि आपलं काम हिरावलं जाणं वेगळं. वरच्या जागी पोचशील तेव्हा हा फरक तुला स्वतःलाच करावा लागेल, तो कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही.

चिंतामणराव देशमुखांबद्दल तू वाचलं असशीलच, म्हणून थोडक्यात. १९३९ मध्ये ते सरकार आणि बँक यांच्यातले दुवा-अधिकारी म्हणून आले, ऑगस्ट १९४३ मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला, म्हणजे नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घालणाऱ्या परिषदेला गेले. मला त्यांचा फाळणीचा काळ सगळ्यात कठीण वाटतो. एकच बँक दोन देशांची मध्यवर्ती बँक होती, जून १९४८ च्या अखेरपर्यंत पाकिस्तानचंही चलन तीच सांभाळत होती, आणि त्याच सुमारास दोन्ही सरकारं ५५ कोटींवरून भांडत होती. त्यात बँकेची विश्वासार्हता शाबूत राहिली. १ जानेवारी १९४९ ला भागधारकांची रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला तो सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

बडोद्याचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. कमाटीबागेत संकल्पभूमी आहे, तिथे तू गेली असशील. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले आणि जातीमुळे या गावात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. बडोदेकर म्हणून मला आजही त्याची शरम वाटते. त्याच माणसाने १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला आणि १९२५ च्या डिसेंबरमध्ये भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. या आयोगाच्या शिफारशीतून रिझर्व्ह बँक आली. बँकेचा सगळा आराखडा त्या ग्रंथावरून बेतला, असं सरसकट सांगितलं जातं, ते मला ताणलेलं वाटतं. त्या ग्रंथाचं मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही. नोटा छापणाऱ्याच्या मर्जीवर काही सोडू नका, छपाईवर कायद्याने मर्यादा घाला, कारण रुपयाची देशातली खरेदीशक्ती ढळली की मार गरिबाला बसतो, हा त्यांचा युक्तिवाद आजही ताजा आहे. २०१६ पासून महागाईचं उद्दिष्ट चार टक्के, वर-खाली दोन टक्क्यांची मुभा, असं कायद्याच्या चौकटीत ठरायला लागलं, ते याच चिंतेतून. सलग तीन तिमाह्या महागाई त्या पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेला सरकारकडे लेखी खुलासा द्यावा लागतो. २०२२ मध्ये ती वेळ आली. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या सहाही सदस्यांना आपण कुणीकडे मत दिलं आणि का, हे लिहून द्यावं लागतं, आणि ते चौदाव्या दिवशी सगळ्यांना वाचायला मिळतं. मत स्पष्ट आणि लेखी हवं म्हणालो, ते असं.

पण तू ग्रेड बी, म्हणजे थेट भरतीची अधिकारी म्हणून लागलीस, तर पहिली काही वर्षं व्याजदराशी तुझा संबंध येणार नाही. तुला इश्यू डिपार्टमेंटमध्ये, म्हणजे नोटा सांभाळणाऱ्या विभागात टाकतील. तिथे व्हॉल्टला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकटा कुणीही, कितीही वरिष्ठ असला तरी, आत जाऊ शकत नाही. दोघांनी मिळून उघडायचं, दोघांनी मिळून बंद करायचं आणि रजिस्टरवर दोघांनी सह्या करायच्या. फाटक्या-मळक्या नोटा यंत्रातून तपासल्या जातात, बाद झालेल्यांचे तुकडे होतात आणि त्यांच्या विटा बनतात. काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्या बँकेची शिस्त तिथे अंगात मुरते.

नाहीतर सुपरव्हिजनला जाशील, म्हणजे बँकांच्या तपासणीला. मला हे काम सगळ्यात प्रिय होतं. एक प्रसंग सांगतो, बँकेचं नाव सांगणार नाही. गुजरातमधली एक नागरी सहकारी बँक, कागदावर ठणठणीत, बुडीत कर्ज जवळजवळ नाहीच. मी मार्चअखेरीचे उतारे मागवले. एका कापड व्यापाऱ्याचं वर्षभर थकलेलं कर्ज मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकरकमी फिटलेलं दिसलं. वर्षभर हप्ता न भरणाऱ्याकडे अचानक एवढा पैसा कुठून? म्हणून ज्या चेकने ते फिटलं तो चेक काढायला लावला. चेक होता त्याच्या भावाच्या फर्मचा. त्या फर्मचं खातं त्याच बँकेत, चार दिवसांपूर्वी उघडलेलं, आणि त्यात बँकेनेच नवीन कॅश-क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, मंजूर केलेली. रक्कम जुन्या कर्जापेक्षा थोडी जास्त, म्हणजे थकलेलं व्याजही त्यात बसलं. तारण तोच जुना माल. बँकेचा पैसा बँकेतच फिरला होता आणि वहीत मात्र वसुली दिसत होती. एक सापडल्यावर तसेच आणखी सापडत गेले.

चेअरमन भला माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, मार्चपुरता प्रश्न होता, पार्टी जुनी आहे, पैसे बुडणार नाहीत." कदाचित बुडलेही नसते. पण बाहेर काउंटरसमोर पेन्शनर रांगेत उभे होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही ती खाती बुडीत धरायला लावली, त्यांच्यापोटी नफ्यातून तरतूद बाजूला काढायला लावली, नफ्याचा तोटा झाला आणि त्या वर्षी लाभांश निघाला नाही. गावात आमच्या नावाने खडे फोडले गेले. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक कोसळली तेव्हा गुजरातच्या किती घरांतल्या ठेवी अडकल्या, हे तुझ्या आईवडिलांना विचार. तेव्हा ठेवविमा एक लाखापर्यंतच होता, पाच लाखांचा झाला तो २०२० मध्ये. मार्चअखेरीच्या त्या उताऱ्यांत कंटाळा न करता डोकं घालणारा कुणी असतो, म्हणून कितीतरी बँका माधवपुराच्या वाटेने जात नाहीत. त्यांची बातमी कधी होत नाही आणि तुझं नावही कुठे येत नाही.

पीओ व्हावं का, याचं उत्तरही यातच आहे. बँकेतला अधिकारी ठेवी आणतो, कर्ज देतो, त्याच्यामागे टार्गेट असतं, माणसांत राहणं असतं. ज्याला त्याची आवड आहे त्याने खुशाल तिकडे जावं, ते कमी प्रतीचं काम नाही. तुला उतारे वाचताना, आकड्यांमागचा माणूस शोधताना वेळेचं भान राहत नसेल, तर रिझर्व्ह बँकेत ये. बदल्या होतात, मुलांच्या शाळा बदलतात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेव.

परीक्षेचं थोडं. ग्रेड बीचं वय साधारण २१ ते ३०, जनरलसाठी पदवीला ६० टक्के लागतात. पहिली फेरी वस्तुनिष्ठ, दुसरीत आर्थिक-सामाजिक प्रश्न, वित्त व व्यवस्थापन आणि इंग्रजी लेखन, मग मुलाखत. क्लास लावायचा तर लाव, पण इंग्रजी लेखनाचा सराव रोज स्वतः कर. गुजराती-मराठी माध्यमातली हुशार मुलं तिथेच मार्क गमावतात. तुझी ओढ संशोधनाकडे असेल तर घाई करू नको. आधी एम.ए. पूर्ण कर आणि डीईपीआरच्या, म्हणजे बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागाच्या स्वतंत्र भरतीला बस. बँकेचं आर्थिक संशोधन त्याच विभागात होतं.

वाचायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या इतिहासाचे खंड बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिल्यापासून सुरुवात करू नको, कंटाळशील. तिसरा खंड आधी घे, १९६७ ते १९८१ चा. राष्ट्रीयीकरण, नोटा रद्द होणं आणि पटेलांची बरीचशी कारकीर्द त्यातच आहे. मग दुसऱ्या खंडात रामा रावांचं प्रकरण वाच. वाचताना प्रत्येक निर्णयापाशी थांबून, त्या टेबलावर तू असतीस तर फाइलवर काय शेरा मारला असतास, ते चार ओळींत लिहून काढ. मुलाखतीत हमखास विचारतात, की रिझर्व्ह बँकेचा कुठला निर्णय तुम्हाला पटला नाही. बहुतेक उमेदवार गडबडतात आणि सगळेच निर्णय पटले म्हणतात. तू साल सांग, निर्णय सांग, आणि का पटला नाही ते दोन वाक्यांत सांग.